वाट्याच्या जागी टिंबं

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२५ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘माझा प्रवास’ असा विषय दिला होता. मी इंजिनिअर झाले आणि गेली वीसेक वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. घरातून हिंजवडी आणि हिंजवडीतून घर, एवढाच माझा प्रवास, आणि त्यातलाही निम्मा वेळ सिग्नलला जातो. त्यावर पंधरा मिनिटं बोलता येणार नाही, म्हणून मी विषय बदलून मागितला. आपल्या ग्रुपवर गेल्या दोन वर्षांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. ‘तुम्ही दोघींनी फर्म स्वतःच रजिस्टर केली म्हणे. कशी केली? आम्हालाही सांग.’ आज तेच सांगते. छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंदणी आपली आपण कशी करायची, आणि मुळात आपली आपण का करायची.

विषय ऐकून मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झालेली दिसतेय. तीस वर्षांत मागची रांग काही बदललेली नाही.

सर, तुम्ही आम्हाला भागीदारीची गणितं शिकवलीत. अ ने दहा हजार गुंतवले, ब ने पंधरा हजार, वर्षअखेर नफा पाच हजार, तर प्रत्येकाचा वाटा किती? अ ला दोन हजार, ब ला तीन हजार. मला ती गणितं फार आवडायची, कारण त्यात अ आणि ब कधी भांडत नसत. कुणी किती घातले ते पहिल्याच ओळीत लिहिलेलं असायचं. पुढे कळलं की खऱ्या धंद्यात ती पहिली ओळच कुणी लिहीत नाही. माझी आजची गोष्ट त्या न लिहिलेल्या ओळीची आहे.

माझी भागीदार इथे समोरच बसली आहे. नाव घ्यायचं नाही, या अटीवर तिने मला बोलायची परवानगी दिली आहे. तुम्ही ओळखालच. पाचवीपासून नववीपर्यंत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. दहावीच्या जूनमध्ये ती उठून खिडकीजवळच्या बाकावर गेली. बाईंनी कारण विचारलं, तर म्हणाली, ‘इथून फळा नीट दिसतो.’ बाई, फळा दोन्हीकडून सारखाच दिसायचा. खरं कारण आमच्या दोघींच्या घरात होतं, आणि ते आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगते आहे.

माझे बाबा आणि तिचे अण्णा मिळून हळदीचा व्यापार करायचे. मार्केट यार्डात सौद्याला हळद घ्यायची, हरिपूरच्या पेवात ठेवायची, भाव आला की काढून बाहेरगावी पाठवायची. आपल्या मुलांना पेव माहीत नसेल, म्हणून सांगते. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायची पद्धत होती. आत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बऱ्याच पेवांचं नुकसान झालं. पण मी सांगते तो काळ त्याच्या आधीचा.

बाबा आणि अण्णांच्या फर्मला नाव होतं, पाटी होती, बिलबुक होतं, बँकेत खातं होतं. फक्त दोघांमध्ये करार नव्हता. कुणी विषय काढलाच तर दोघांचं उत्तर एकच, ‘आम्ही काय परके आहोत?’

मार्च १९९२ मध्ये त्यांनी परराज्यातल्या एका व्यापाऱ्याला माल पाठवला. एक लाख चाळीस हजारांचा. पैसे आले नाहीत. पत्रं झाली, फोन झाले, दोनदा अण्णा स्वतः जाऊन आले. ‘पुढच्या महिन्यात देतो’ यात दोन वर्षं गेली. मग १९९४ च्या उन्हाळ्यात दोघं वकिलांकडे गेले. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, ‘फर्म रजिस्टर आहे का?’

आपल्याकडे भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे. त्या कायद्याने फर्मची नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसली तरी धंदा बेकायदा ठरत नाही, दंड होत नाही, कुणी विचारायलाही येत नाही. म्हणून लोक करत नाहीत. पण त्याच कायद्याचं कलम ६९ असं सांगतं की, नोंदणी नसलेल्या फर्मला व्यवहारातलं येणं वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दिवाणी दावा लावता येत नाही. गंमत बघा, बाहेरचा माणूस मात्र फर्मवर दावा लावू शकतो. म्हणजे दार एकाच बाजूने उघडतं.

वकील म्हणाले, ‘अजून वेळ गेलेली नाही. आधी नोंदणी करून घ्या, मग दावा लावू. पण येण्याची मुदत तीन वर्षांची असते, मार्चच्या आत सगळं व्हायला हवं.’ त्यांनी करारनामा स्टँप पेपरवर टाईप करून दिला. त्यात एकच जागा रिकामी सोडली होती. कुणाचा वाटा किती, ते दोघांनी ठरवून भरायचं होतं.

तो आकडा भरला गेला नाही. बाबांचे पैसे जास्त होते, अण्णांची धावपळ जास्त होती. बाबांना वाटे, अण्णांनी सांगावं. अण्णांना वाटे, बाबांनी सांगावं. स्वतःच्या तोंडाने आकडा काढायची दोघांनाही लाज. मग जे एकमेकांना बोलायचं ते घरात बोलणं सुरू झालं, घरातून ते नातेवाइकांत गेलं, आणि फिरून परत आलं तेव्हा ओळखू येईनासं झालं होतं. त्या जूनमध्ये बाक बदलला. पुढच्या मार्चमध्ये, आपली दहावीची परीक्षा चालू असताना, दाव्याची मुदत संपली. पैसे बुडाले. त्याहून वाईट म्हणजे, एका गल्लीच्या अंतरावर राहणारे दोन मित्र पुढे कधीच नीट बोलले नाहीत. आधी अण्णा गेले. २०१७ मध्ये बाबा गेले.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हा सगळ्यांना आठवतोय. आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर मी आले, तेव्हा आईने बाबांची लोखंडी ट्रंक उघडायला लावली. कागद दोरीवर चिमट्यांनी वाळत घातले, जसे कपडे घालतात. त्यात तो १९९४ चा स्टँप पेपर होता. शाई पसरली होती, पण टाईप केलेलं वाचता येत होतं. ‘नफ्या-तोट्यातील वाटा शेकडा’ आणि पुढे टिंबं. खाली दुसऱ्याचा वाटा, शेकडा, आणि पुन्हा टिंबं.

मी त्याचा फोटो काढून हिला पाठवला. पंचवीस वर्षांत आम्ही लग्नाकार्यात ‘कशी आहेस, बरी आहे’ यापलीकडे बोललो नव्हतो. फोटो गेल्यावर दहा मिनिटांनी तिचा फोन आला. पहिली पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

लॉकडाऊनमध्ये तिने घरून कांदा-लसूण मसाला आणि हळद पावडर करून द्यायला सुरुवात केली. माझ्या ऑफिसमधल्या लोकांनी एकदा नेलं, मग ते मागतच राहिले. २०२२ मध्ये तिला कांडप यंत्र आणि पॅकिंगचं मशीन घ्यायचं होतं. मी म्हटलं, पैसे मी देते, जमेल तसे परत कर. ती म्हणाली, ‘उसने नकोत. घालायचेच असतील तर भागीदार हो. पण या वेळी कागद आधी.’

आता तुम्हाला हवा आहे तो भाग. कागद करायचा म्हणजे काय काय करायचं?

पहिला निर्णय, धंद्याचा प्रकार कोणता. एकटीचा असता तर प्रोप्रायटरी पुरली असती, तिला वेगळी अशी नोंदणी नाही. दोघांचा म्हटल्यावर आमच्यासमोर दोन वाटा होत्या. एक साधी भागीदारी, जिची नोंद राज्याच्या निबंधकांकडे, म्हणजे रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे होते. दुसरी एलएलपी, जी २००८ च्या कायद्याने आली आणि केंद्र सरकारकडे नोंदवली जाते. फरक सोपा आहे. साध्या भागीदारीत धंदा बुडाला तर देणेकरी आपल्या घरादारापर्यंत येऊ शकतो, आणि तेही दोघांपैकी कुणाहीकडून सगळी रक्कम मागू शकतो. एलएलपीत जबाबदारी साधारणपणे आपण घातलेल्या भांडवलापुरती असते. पण एलएलपीला धंदा असो वा नसो, दरवर्षी दोन विवरणपत्रं भरावी लागतात, एक ३० मेपर्यंत आणि दुसरं ३० ऑक्टोबरपर्यंत. विसरलात तर उशिराचं शुल्क चढत जातं. आम्ही कर्ज काढणार नव्हतो, उधारीवर माल घेणार नव्हतो. म्हणून साधी भागीदारी घेतली. तुमच्या धंद्यात मोठं कर्ज असेल, दुसऱ्याचं नुकसान होण्याचा धोका असेल, तर आमची नक्कल करू नका.

सगळ्यांसारखा आम्हीही आधी एक एजंट गाठला. बारा हजार सांगितले. दोन दिवसांत नऊ पानी करारनामा तयार करून पाठवला. आमच्या दोघींची नावं, पत्ते, सगळं बरोबर. आणि वाट्याच्या जागी त्यानेच भरून टाकलं होतं, ५० आणि ५०.

तो माणूस वाईट नव्हता. त्याला आमच्याबद्दल काही माहीत नव्हतं. आम्ही सांगितलं नव्हतं, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. पण ते ५०-५० बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. बाबांच्या कागदावर निदान टिंबं तरी होती. ती बघून कळत होतं की इथे काहीतरी ठरायचं राहिलंय. इथे तर न ठरताच ठरलेलं दिसत होतं.

माझ्या धंद्यात याला डिफॉल्ट म्हणतात. तुम्ही रकाना रिकामा सोडलात तर प्रोग्रॅम स्वतःच एक उत्तर धरून चालतो. मग मी १९३२ चा कायदा उघडून बसले, आणि तिथेही तेच सापडलं. करारात काही लिहिलं नसेल तर कायदा आपली उत्तरं भरतो. नफा-तोटा सारखा वाटायचा. काम करणाऱ्या भागीदाराला कामाचा मोबदला नाही. भांडवलावर जादा रक्कम घातली तर तिच्यावर सहा टक्के व्याज. एक भागीदार वारला तर फर्म संपली. ती रोज पहाटे पाचला उठून हळद दळणार, मी पुण्यात बसून पैसे घालणार, आणि कायद्याने आमचा वाटा अर्धा-अर्धा, तिला पगार शून्य. यात चूक कायद्याची नाही. कायदा म्हणतो, तुम्हीच काही बोलला नाहीत तर मी काय करू?

म्हणून आम्ही एजंटचा कागद बाजूला ठेवला आणि तीन रविवार तिच्या स्वयंपाकघरात बसलो.

पहिल्या रविवारी पैसे आणि काम. भांडवल दोन लाख ठरलं, बहुतेक माझं. तिला दरमहा ठरावीक मोबदला, आणि उरलेल्या नफ्यात ६० तिचे, ४० माझे. हा मोबदला करारात स्पष्ट लिहावा लागतो, हे लक्षात ठेवा. नाही तर आयकराच्या हिशेबात तो फर्मचा खर्च म्हणून धरला जात नाही. भांडवलावरच्या व्याजाचंही तसंच, आणि तिथे बारा टक्क्यांपर्यंतची मर्यादा आहे.

दुसऱ्या रविवारी आम्ही भांडलो. विषय होता मसाल्याचं प्रमाण. मी म्हटलं, प्रमाण फर्मच्या मालकीचं असं लिहूया. माझ्या ऑफिसात तसंच असतं, आपण लिहिलेला प्रोग्रॅम कंपनीचा. ती काही न बोलता उठली आणि मिरच्यांची देठं काढत बसली. ते प्रमाण तिच्या आईचं आहे. तिच्या आईला ते तिच्या आईकडून आलं. मला वाटलं, झालं, आता हीही बाक बदलणार.

मी पर्समधून तो पुरातला कागद काढून ओट्यावर ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘अण्णा शेवटच्या आजारपणात म्हणायचे, त्याने एकदा विचारलं असतं तर मी चाळीसच सांगितले असते.’ मी म्हटलं, ‘आई सांगते, बाबा चाळीस द्यायला तयार होते.’

म्हणजे दोघांचा आकडा एकच होता. दोघंही आपल्या खिशात एकच उत्तर घेऊन फिरत होते.

त्यानंतर प्रमाणाचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. प्रमाण तिचं. फर्म चालू असेपर्यंत फर्मला वापरायची परवानगी. ती बाहेर पडली तर प्रमाण तिच्याबरोबर जाईल, नाव आणि मशीन फर्मकडे राहील, आणि त्याची किंमत कशी काढायची तेही लिहिलं.

तिसऱ्या रविवारी मरणाचा विषय. दोघांचीच फर्म असेल तर एकीच्या मागे ती चालू राहू शकत नाही, कारण एकट्याची भागीदारी नसते. मग माल, येणं, खातं यांचा हिशेब किती दिवसांत करायचा, वारसांना काय द्यायचं, हे लिहिलं. तो रविवार सर्वात सोपा गेला. चाळिशी उलटलेल्या बायकांना मरणापेक्षा पैशाबद्दल बोलणं जड जातं, असा माझा अनुभव आहे.

मग हे सगळं एका वकील बाईंना दाखवलं, तासाभराची फी दिली. त्यांनी दोन वाक्यं बदलली. सीए, वकील यांची गरज नाही असं मी म्हणत नाही. उत्तरं आपली असावीत आणि ती नीट लिहिली आहेत का हे त्यांनी तपासावं, एवढंच म्हणते.

आता नोंदणी. करारनामा स्टँपवर झाला. आमच्या दोन लाखांच्या भांडवलावर तेव्हा दोन हजार मुद्रांक शुल्क बसलं. दर बदलतात, तुम्ही करताना त्या दिवशीचा बघा. नोंदणीचा अर्ज म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. कायद्याला मुख्यतः या गोष्टी हव्या असतात. फर्मचं नाव, धंद्याचं मुख्य ठिकाण, दुसरी ठिकाणं असली तर ती, प्रत्येक भागीदार कधीपासून आहे ती तारीख, भागीदारांची पूर्ण नावं आणि कायमचे पत्ते, आणि फर्म किती काळासाठी आहे. नावाच्या बाबतीत एक गंमत. १९३२ च्या मूळ मजकुरात क्राऊन, किंग, क्वीन, रॉयल असले शब्द परवानगीशिवाय वापरायला मनाई आहे. इंग्रज सरकारचा धाक. सरकारची मान्यता असल्यासारखं वाटेल असंही नाव चालत नाही.

अर्ज ऑनलाइन भरला, छापून घेतला, सह्या केल्या आणि कागद पुण्याच्या कार्यालयात दिले. सांगलीच्या फर्मचं काम तिकडेच चालतं. मी पुण्यात असल्याचा तेवढा उपयोग झाला.

पहिल्यांदा अर्ज परत आला. चूक आमची. करारात तिच्या नावामध्ये सासरचं नाव होतं आणि पॅनकार्डावर माहेरचं. मैत्रिणींनो, हे खास तुमच्यासाठी. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, हे आपल्यापैकी निम्म्याजणींचं आहे. धंदा काढायचा असो वा नसो, घरी गेल्यावर सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. दुसरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची. जागेचं लाईट बिल तिच्या सासऱ्यांच्या नावावर, आणि ते जाऊन नऊ वर्षं झालेली. आधी बिलावरचं नाव बदललं, मग मालक म्हणून तिच्या नवऱ्याचं संमतिपत्र जोडलं. या दोन कामांत दीड महिना गेला. बाकी सगळ्याला मिळून तेवढा लागला नाही.

नोंदणीबरोबर फर्मच्या नावाचं पॅन काढलं. तुमच्या पॅनमधलं चौथं अक्षर बघा, ते ‘पी’ असेल, पी म्हणजे पर्सन. आमच्या फर्मच्या पॅनमध्ये तिथे ‘एफ’ आहे. तिने ते कार्ड देवघरात ठेवून हळदकुंकू वाहिलं. हळद घरचीच होती.

मग एकेक बाकीचं. आपण ज्याला गुमास्ता किंवा शॉप ॲक्ट म्हणतो, तिथे २०१७ च्या कायद्याने तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना लागत नव्हता. ऑनलाइन सूचना द्यायची, पावती मिळते. खाण्याच्या पदार्थांसाठी अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. तेव्हा उलाढाल वर्षाला बारा लाखांपर्यंत असेल तर वर्षाला शंभर रुपये फी होती, आणि मिळणारा चौदा आकडी नंबर पाकिटावर छापावा लागतो. जीएसटीचं नीट समजून घ्या. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण परराज्यात माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून लागते. आपल्या वर्गातले तिघं बंगळुरात आहेत, त्यांच्या मसाल्यापायी आम्हाला जीएसटी घ्यावा लागला. त्यांनी निदान ऑर्डर तरी वेळेवर द्याव्यात.

उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून आहे. ती पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅन लागतं, कागद चढवावे लागत नाहीत. सरकारी दिसणाऱ्या खोट्या साईट त्यासाठी दोन-तीन हजार घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का, एवढं बघा. ही नोंदणी शोभेची नाही. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही, आम्ही दळतो म्हणून आम्हाला आहे. आणि नोकरी करणाऱ्यांसाठी एक सूचना. भागीदार होण्याआधी कंपनीची लेखी परवानगी घ्या. मी घेतली, दोन ओळींची मेल होती.

कुणी म्हणेल, एवढ्याशा मसाल्याला एवढा कागद? आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान काढलं, १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९२० मध्ये धंद्याची मर्यादित कंपनी केली. पाटीवर शेवटपर्यंत ‘ब्रदर्स’ राहिलं. कागद केल्याने भाऊपण गेलं नाही.

गेल्या वर्षी आमचंही एका दुकानदाराकडे पंचेचाळीस हजारांचं येणं अडकलं. चार महिने झाले. आम्ही भांडलो नाही. फर्मच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक आणि उद्यम क्रमांक घालून, साधं अर्ध्या पानाचं पत्र पाठवलं. आठवड्यात पैसे आले. पत्रामुळेच आले असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ते पत्र लिहिताना आमचा हात थरथरला नाही. बाबा आणि अण्णांकडे तसं पत्र लिहायची सोय नव्हती.

धंदा लहानच आहे. दोन बायका कामाला येतात, दोन्ही मशीन चालतात, माझे पैसे अजून पूर्ण सुटलेले नाहीत. श्रीमंत व्हायचा मार्ग सांगायला मी उभी राहिलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. फॉर्म म्हणजे कटकट नाही, फॉर्म म्हणजे प्रश्न आहेत, आणि ते नेमके तेच असतात जे आपण जवळच्या माणसाला विचारायला लाजतो. तुझं किती, माझं किती, तू गेलास तर काय, मी गेले तर काय. दुसऱ्याला पैसे देऊन फॉर्म भरून घेतला की प्रश्न विचारायचे राहून जातात आणि उत्तरं दुसऱ्याची पडतात. म्हणून निदान करारनामा तरी स्वतः बसून लिहा. भावाबरोबर धंदा असेल तर भावाबरोबर, मित्राबरोबर असेल तर मित्राबरोबर, चहा ठेवून. आज इथे किमान चार जण असे आहेत जे तोंडी भागीदारीत धंदा करतात. मला माहीत आहे, कारण त्यांनीच मला सांगितलंय. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं. आमच्या कराराची कोरी प्रत मी आणली आहे. आकडे मुद्दाम काढून टाकलेत, ते तुमचे तुम्हीच भरायचे.

सर, तुमच्या गणितातली पहिली ओळ आम्ही लिहिली. तीस वर्षं उशीर झाला, मार्क कापू नका.

समोर तिच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, ती माझी आहे. मी आता तिथे जाऊन बसते. तिथून फळा नीट दिसतो.